पोपच्या हातातून मुकुट हिसकावला? छे!

नेपोलियन आणि पोप म्हटलं की एकच किस्सा फिरतो. राज्याभिषेकाला पोप मुकुट घेऊन पुढे झाले आणि पठ्ठ्याने तो हिसकावून स्वतःच डोक्यावर ठेवला! ऐकायला झकास, पण तसं घडलेलं नाही. २ डिसेंबर १८०४ ला नोत्र दाममध्ये त्याने मुकुट स्वतःच घातला हे खरं, पण ते पोप सातवे पायस यांच्याशी आधीच ठरलं होतं. उलट त्या सोहळ्याआधी नमतं घ्यावं लागलं ते नेपोलियनलाच. जोसेफीनने पोपच्या कानावर घातलं की आमचं लग्न फक्त सरकारदरबारी झालंय, चर्चमध्ये नाही. पोप अडून बसले. मग आदल्या दिवशी घाईघाईने नेपोलियनच्या मामाने, म्हणजे कार्डिनल (पोपखालोखालचा धर्मगुरू) फेश यांनी, दोघांचं धार्मिक लग्न लावून दिलं. उद्याचा सम्राट आज बोहल्यावर!

मला विचाराल तर या दोघांचं खरं भांडण मुकुटाचं नव्हतंच. ते बिशपांच्या, म्हणजे एकेका भागातल्या चर्चच्या प्रमुखांच्या, नेमणुकीचं होतं.

त्याआधी फ्रेंच राज्यक्रांतीने चर्चच्या जमिनी जप्त केल्या, पाद्र्यांना शपथा घ्यायला लावल्या. पश्चिम फ्रान्सच्या वांदे प्रांतात यादवी पेटली, त्यात हेही एक मोठं कारण होतं. आधीचे पोप सहावे पायस तर १७९९ मध्ये फ्रेंचांच्या कैदेतच वारले. नेपोलियन काही भाविक नव्हता. इजिप्तमध्ये गेल्यावर त्याने इस्लामचे गोडवे गायले होते. पण गावोगावच्या लोकांना त्यांचा पाद्री आणि चर्चची घंटा परत हवी आहे, हे त्याने बरोबर हेरलं. १५ जुलै १८०१ ला पोपशी करार झाला, तोच कॉन्कॉर्डेट. कॅथलिक धर्म हा 'बहुसंख्य फ्रेंच नागरिकांचा धर्म' ठरला, राज्याचा नव्हे. विकल्या गेलेल्या जमिनी चर्चने विसरायच्या, बदल्यात बिशप-पाद्र्यांना सरकारी पगार. बिशपचं नाव सरकार सुचवणार, पण पोपच्या मान्यतेशिवाय तो बिशप होणार नाही. माझ्या मते त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा हा करार जास्त हुशारीचा.

मग हाव सुटली. पोपना न विचारताच कराराला ७७ कलमं चिकटवली. १८०६ मध्ये मुलांसाठी नवी धर्म-प्रश्नोत्तरी आली. सम्राटावर प्रेम करा, सैन्यात जा, कर भरा, नाहीतर कायमचा नरक! (करवसुलीची ही युक्ती आपल्याकडे अजून कुणाला सुचलेली नाही, हे नशीब.) १५ ऑगस्ट हा मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण, आणि साहेबांचा वाढदिवसही. तेव्हा त्याच दिवशी 'सेंट नेपोलियन' नावाच्या, कुणी फारसं न ऐकलेल्या संताचा उत्सव सुरू झाला.

तेव्हा मध्य इटलीवर पोपचं स्वतःचं राज्य होतं. १८०९ मध्ये नेपोलियनने ते राज्यच खालसा केलं. पोपनी त्यात हात असलेल्या सगळ्यांना धर्मबहिष्कृत केलं. ६ जुलैच्या पहाटे जनरल रादेची माणसं दारं फोडून रोममधल्या क्विरिनाल राजवाड्यात घुसली. पोप आणि कार्डिनल पाका यांना बंद गाडीत घातलं. वाटेत दोघांनी खिसे चाचपले तर मिळून चार चिल्लर नाणी निघाली. कॅथलिक जगाचे प्रमुख, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेले!

पण हा मवाळ म्हातारा इटलीतल्या साव्होनाच्या कैदेत बसून एकच गोष्ट करत राहिला: सम्राटाने नेमलेल्या बिशपांना मान्यता द्यायची नाही. जागा रिकाम्या पडत गेल्या, आणि यावर तोफा चालेनात. १८११ मध्ये नेपोलियनने पॅरिसला बिशपांची परिषद भरवली. अध्यक्ष घरचेच, फेशमामा. तर पहिल्याच बैठकीत मामांनी आणि सगळ्या बिशपांनी पोपशी निष्ठेची शपथ घेतली! चिडून त्याने तीन बिशपांना तुरुंगात टाकलं. जानेवारी १८१३ मध्ये पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोला आजारी, एकट्या पडलेल्या पोपकडून नव्या करारावर सही मिळवली. दोन महिन्यांत पोपनी तीही मागे घेतली.

पुढे नेपोलियन पडला तेव्हा त्याच्या आईला आणि याच मामाला रोममध्ये आसरा दिला तो सातव्या पायसनीच. सेंट हेलेना बेटावर कैदेत पडलेल्या नेपोलियनचे हाल कमी व्हावेत म्हणून त्यांनी इंग्रजांकडे शब्द टाकायलाही सांगितलं होतं. नेपोलियनच्या मृत्युपत्रात तर, आपण ज्या रोमन धर्मात जन्मलो त्यातच मरतो आहोत, असं लिहिलेलं आहे. श्रद्धा की शेवटचा डाव? मला तरी यात थोडी श्रद्धा दिसते, पण वाद घालायचा तर या.

आणि तो करार? १९०५ मध्ये फ्रान्सने तो मोडला. पण अल्सास आणि मोझेल हे भाग तेव्हा जर्मनीकडे होते, त्यामुळे पुढे ते फ्रान्सकडे परत आले तरी तिथे तो अजून लागू आहे. धर्मनिरपेक्षतेवर जगाला व्याख्यानं देणाऱ्या फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आजही अल्सासमधल्या स्ट्रासबुर्गच्या बिशपच्या नेमणुकीवर सही करतात आणि तिथल्या पाद्र्यांचा पगार सरकारी तिजोरीतून जातो.