म्हातारचळाला डिग्री कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, प्रगत प्रशिक्षणावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "आजार बरा होत नाही, मग डॉक्टरांनी एवढं जास्तीचं शिकून करायचं काय? माझ्या वडिलांना तिघांनी पाहिलं, तिघंही म्हणाले वय झालं. सेनगावहून नांदेड गाठेपर्यंत आमचा दिवस जातो. म्हातारचळाला डिग्री कशाला?"

अर्धं मान्य. एमडीनंतर तीन वर्षांचं न्यूरॉलॉजीचं, म्हणजे मेंदूविकारांचं डीएम, मग त्यापुढची फेलोशिप, असा जिना मी कौतुकानं रंगवला. तो चढलेला माणूस तालुक्याला दवाखाना थाटत नाही, हे लिहायचं मी टाळलं.

उरलेल्या अर्ध्यावर मात्र भांडतो.

मी साधा फिजिशियन. डिमेन्शियाचं प्रशिक्षण घेण्याआधी माझ्याकडे एका आबांना आणलं होतं. पावलं बारीक, हात आखडलेले, सकाळी एकदम शहाणे, दुपारी हरवलेले. रात्री आढ्यावर माणसं बसलेली दिसायची. "रझाकार आले, कवाड लावा" म्हणून ओरडायचे. 1948 साली ते पोरसवदा होते. मी शांत करायला हॅलोपेरिडॉल दिलं. तिसऱ्या दिवशी आबा लाकडासारखे ताठ, पाण्याचा घोटही उतरेना. औषध बंद केलं तरी सावरायला कित्येक आठवडे गेले. तो लेवी बॉडी डिमेन्शिया होता, आणि त्यात हे औषध घातक ठरू शकतं. सगळी लक्षणं माझ्यासमोर बसलेली होती. घरचे बाहेरची बाधा म्हणत होते, मी म्हातारचळ म्हणत होतो. दोघांचं निदान सारखंच.

बरं करता येत नाही म्हणता, पण आधी तो डिमेन्शियाच आहे हे तरी कुणी ठरवायचं? एक माळकरी आजी, जन्माच्या शाकाहारी, त्यात साखरेसाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू. घरचा रस्ता चुकायला लागल्या. बी-12 तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं सुरू केली, चार महिन्यांनी आजी एकट्या मंदिरात जाऊ लागल्या. सगळ्यांचं असं होत नाही, बहुतेकांचं नाहीच होत. पण थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, हे शोधल्याशिवाय "वय झालं" म्हणायचा हक्क कुणाला नाही. तुमच्या तिघांनाही नव्हता.

तपासणीचंही तसंच. नेहमीच्या चाचणीत तारीख विचारतात, पंचकोन काढायला लावतात. जिनं पेन धरला नाही तिला पंचकोन! निरक्षरांसाठी हरियाणातल्या बल्लभगडला 1990 च्या दशकात वेगळी हिंदी चाचणी तयार झाली, हे मला प्रशिक्षणात कळलं. त्यावरून मी माझी एक जोड लावली, ती कुठल्या पुस्तकात नाही: भाकरी कशी करता, सांगा. परवा एक बाई म्हणाल्या, "पीठ मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं, मग…" थांबल्या. हात हवेत तसाच. "मग पीठ मळायचं." मागे उभ्या सुनेनं तोंड फिरवलं.

आजार बरा होत नाही, हे तुमचं म्हणणं नव्या औषधांबाबतही खरंच आहे. अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब सुरुवातीच्या अल्झायमरला, तेही आधी दर दोन आठवड्यांनी शिरेतून आणि मधूनमधून एमआरआय काढून. त्याची वाट आपण बघू नये.

वडिलांना नांदेडला न्यायच्या आधी बी-12 आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या, कानही दाखवा. गोळ्यांची अख्खी पिशवी सोबत न्या. झोपेच्या, लघवीच्या, खाजेच्या काही गोळ्यांनीही विसर वाढतो, पण स्वतःच्या मनानं एकही बंद करू नका. आणि पहिला बदल कधी दिसला, ते आईला विचारून वहीत लिहून ठेवा. वडील सांगतील ते वेगळं असेल.