गळती निरंक! नवोदित ॲनालिस्टना चार हिताच्या गोष्टी

उच्च शिक्षणातली समता मोजायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी अभिनंदन. मुंबईत या कामाला एसी ऑफिस मिळतं, दोन स्क्रीन मिळतात आणि अधूनमधून तारांकित हॉटेलात परिषद असते. विषय ‘वंचितांपर्यंत पोहोचताना’. आत शिरायला क्यूआर कोड लागतो.

सरासरीला घट्ट धरून राहा. केंद्राच्या २०२१-२२च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात १८ ते २३ वयोगटाचा जीईआर, म्हणजे या वयाच्या दर शंभर लोकसंख्येमागे उच्च शिक्षणात किती नावं, २८.४ आहे, अनुसूचित जमातींचा २१.२. पहिला आकडा स्लाइडवर ठळक घ्या. दुसरा तळटीपेत टाका आणि ती मागच्या रांगेतून वाचता येणार नाही, एवढं बघा. मुंबई विद्यापीठाची हद्द कुलाब्यापासून थेट सिंधुदुर्गापर्यंत. सगळ्याची मिळून एकच सरासरी काढली की मोखाडा आणि माटुंगा एका बाकावर बसतात. एसटीचं भाडंही वाचतं.

जीईआर काढताना ज्याने भागतात, त्या छेदाची चौकशी करू नका. त्यातली लोकसंख्या २०११च्या जनगणनेवरून अंदाजाने पुढे सरकवलेली आहे. तेव्हा बालवाडीत रडणारी पोरं आज कॉलेजच्या दारात उभी आहेत, पण आपण कशाला त्यात पडा?

आलेख चढत नसेल तर अक्ष २० पासून सुरू करा. चढेल.

लाल रंग वापरू नका, साहेबांचं बीपी वाढतं.

आता गळती. गळती विचारायचीच असेल तर कॉलेजलाच विचारा, म्हणजे ती सापडत नाही. परवाच एका कॉलेजची माहिती माझ्याकडे आली. एक्सेल मागितली होती, आला मोबाइलवर काढलेला वाकडा फोटो, कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा अंगठा. प्रवर्गनिहाय रकाने मागितले होते. एससी, एसटी, व्हीजेएनटी, ओबीसी सगळे मिळून ‘मागास’ असा एकच रकाना. आणि गळतीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सुबक अक्षरात ‘निरंक’. पहिल्या वर्षाचा पट भरगच्च, त्याच बॅचचा तिसऱ्या वर्षाचा पट निम्म्याहून कमी, आणि गळती निरंक! मधली पोरं काय हवेत विरली? फोन लावला. पलीकडून अगदी समजुतीच्या सुरात उत्तर आलं, “त्यांनी दाखला नेलेला नाही ना मॅडम, मग सोडलं कसं म्हणायचं?”

बरोबर आहे. दाखला नेणार कसा? महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज तुमच्याच क्लर्कच्या लॉगिनला पेंडिंग. म्हणून पैसे आले नाहीत, म्हणून फी बाकी, म्हणून दाखला अडवलेला, म्हणून पोरगा कागदोपत्री ‘गेलेला नाही’. पुढच्या वर्षाच्या पटावर तो नाही आणि गळतीतही नाही. भिवंडीच्या गोदामात पार्सलं उचलतोय तो! त्याला तुम्ही आधी फीसाठी बाहेर काढलंत आणि मग तक्त्यातूनही काढलंत.

मी त्या जागी राखाडी रंग देऊन ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहिलं. तर वरून निरोप आला: शून्य टाका ना, छान दिसतं. आणि एकूणच जरा पॉझिटिव्ह दाखवा.

नाही टाकणार शून्य. शून्य म्हणजे मोजलं आणि कुणी सापडलं नाही. तुम्ही मोजलेलंच नाही. मोजायला काय लागतं? विद्यार्थ्याचा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, पहिल्या वर्षी तोच, तिसऱ्या वर्षी तोच. दोन याद्या शेजारी ठेवल्या की कोण गेलं ते नावानिशी दिसतं. अर्ध्या तासाचं काम आहे, तेही चहा पीत. ते न करता २०३५ पर्यंत जीईआर ५० टक्क्यांवर नेण्याची भाषणं कसली ठोकता? प्रवेशाच्या दिवशी फोटो काढायला सगळे पुढे, आणि दुसऱ्या वर्षाचा फॉर्म कुणी भरला नाही हे बघायला एक माणूस नाही.

ॲनालिस्ट मंडळी, तुम्हीही फार साळसूदपणा करू नका. ‘निरंक’ वाचून मुकाट शून्य टाइप करता ते तुम्हीच. पुढच्या वेळी त्या कॉलेजला फोन करा आणि गळतीचा ग सुद्धा काढू नका. एवढंच विचारा: तुमच्या लॉगिनला आज शिष्यवृत्तीचे किती अर्ज पेंडिंग आहेत आणि कधीपासून? उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका.