यादी लावा, नाहीतर तारीख सांगा

आज सकाळी दूध आणायला गेलो. दुकानदार काकांनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि विचारलं, "काय रे, तू अजून इथेच? आम्हाला वाटलं कधीच गेलास." दुकानाबाहेर खडूने आखलेल्या गोलांत चार माणसं उभी होती. चारही माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "यादी लागली नाही, काका." तर म्हणतात, "कसली यादी? पास झालास ना? पेढे वाटलेस ना?"

हो, वाटले. फेब्रुवारीत वाटले. आता २०२० चा ऑगस्ट संपत आलाय, गणपतीची चवथ होऊन गेली, आणि मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या माझ्या घरी बसून रोज एक पीडीएफ शोधतोय, फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या अंतिम निवड यादीची, जी अजून कुणी लावलेलीच नाही. "अजून इथेच?" या एका प्रश्नाचं उत्तर मी गेल्या सहा महिन्यांत इतक्या जणांना दिलंय की आता माणूस समोरून येताना दिसला तरी मी रस्ता बदलतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मनात मावत नाही आता.

गेल्या सप्टेंबरात सीडीएसची, म्हणजे फौजेत अधिकारी व्हायच्या यूपीएससीच्या परीक्षेची, लेखी दिली. ओटीएसाठी, म्हणजे चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, १०० आणि १०० असे २०० गुण. त्यात पास झालो की एसएसबीचं, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाचं, बोलावणं येतं, त्याचे आणखी २००. माझं बोलावणं फेब्रुवारीत भोपाळचं आलं. पाच दिवस. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग, आणि त्यातच आमच्यातले अर्ध्याहून जास्त जण संध्याकाळी बॅगा उचलून स्टेशनवर. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या: एकेक शब्द १५ सेकंदांसाठी दिसतो, तेवढ्यात वाक्य लिहायचं, असे ६० शब्द. मग अर्ध्या तासात ६० प्रसंग. मग जीटीओचं, म्हणजे गटाची मैदानी कामं घेणाऱ्या अधिकाऱ्याचं, मैदान, तिथे फळ्या, दोर, पिंपं आणि आठ-दहा अनोळखी पोरं. मग मुलाखत, आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. सगळे रांगेत उभे असताना एक अधिकारी येतो आणि पास झालेल्यांचे फक्त चेस्ट नंबर वाचतो. माझा १७ होता. "चेस्ट नंबर सतरा" ऐकलं तेव्हा पाय उचलून पुढे यायचं असतं हेसुद्धा मला सुचलं नाही, शेजारच्या पोराने ढकललं. त्या पोराचा नंबर आला नव्हता. त्याने तरीही ढकललं. तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

घरी फोन केला. बाबांनी त्याच संध्याकाळी डिचोलीहून पेढे आणले. मी त्यांना फोनवर दोनदा सांगितलं, थांबा, अजून मेडिकल आहे, मेरिट आहे. पण आमच्या गावातून आजवर एकही जण फौजेत अधिकारी झालेला नाही. ते कुठले थांबायला! पंचायतीत सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, भाषणात पोर्तुगीजांविरुद्ध लढलेले दीपाजी राणे आले, १८५२ चं बंड आलं, नाणूसचा किल्ला आला. सत्कारावर माझा राग नाही, त्या लोकांनी प्रेमाने केलं. पण त्या दिवसापासून अर्धा गाव मला "लेफ्टनंट" म्हणून हाक मारतो. आजही मारतो. आणि त्या हाकेला ओ देताना माझ्या पोटात खड्डा पडतो.

कारण रेकमेंड होणं म्हणजे निवड नव्हे. हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. एसएसबीने शिफारस केली, मेडिकलमध्ये फिट ठरलो, तरी शेवटी लेखीचे आणि एसएसबीचे गुण मिळून यादी लागते आणि जागा संपल्या तिथे रेघ मारली जाते. रेघेच्या खाली गेलो तर मेरिट आऊट. म्हणजे मी आज काय आहे? अधिकारी नाही, नापास नाही, बेरोजगार म्हणावं तर तेही धड नाही. नोकरीच्या मुलाखतीला गेलो तर विचारतात, ऑक्टोबरात ट्रेनिंगला जाणार असाल तर आम्ही घ्यायचं कशाला?

मेडिकलचं तर रामायणच. एसएसबीनंतर लगेच झालेल्या तपासणीत नाकाचं हाड वाकडं निघालं. तात्पुरता अनफिट. ऑपरेशन करून घ्या आणि ४२ दिवसांत अपील बोर्डापुढे या. ऑपरेशनला पैसे लागतात. आमच्या अंगणात बाबांचा खनिज वाहणारा टिपर ट्रक उभा आहे, मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हापासून. त्याला त्यांनी त्याच वर्षी जानेवारीत दोन नवे टायर घातले होते. ते टायर काढून विकले. जॅक लावून, नट ढिले करून, दोघांनी मिळून आम्ही ते काढले. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. त्या जागी त्यांनी चिऱ्याचे दगड रचले, गाडी कलू नये म्हणून. ते दगड अजून तिथेच आहेत, आता त्यांच्यावर शेवाळ धरलंय.

ऑपरेशन झालं. २६ मार्चला पुण्यात अपील बोर्डापुढे हजर व्हायचं होतं. २५ मार्चपासून देश बंद.

ठीक आहे. महामारी आली, जगाचंच थांबलं, त्यात माझं थांबलं. एप्रिल, मे, जून, एकदाही तोंडातून तक्रारीचा शब्द काढला नाही. गोव्यात एप्रिलमध्ये एकही रुग्ण उरला नव्हता तेव्हाही बाहेर जायची सोय नव्हती, आणि जूनमध्ये वास्कोतली मांगोर हिलची वस्ती बंद झाली तेव्हा तर विचारूच नका. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अखेर नवी तारीख आली. ई-पास काढला, मावसभावाला ड्रायव्हर म्हणून घेतलं, भाड्याच्या गाडीने पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांबद्दल वाईट बोलणार नाही, पीपीई किटमध्ये घामाने निथळत होते बिचारे, तरी नीट तपासलं. फिट! परतताना गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीच्या नाक्यावर पावसात तीन तास रांग, माणशी २००० रुपये भरून स्वॅब. पुण्यात १३ जुलैपासून पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, त्याच्या चार दिवस आधी मी निसटलो. हे सगळं केलं, कारण सांगितलेल्या वेळी सांगितलेल्या ठिकाणी हजर राहायचं असतं, एवढं मला एनसीसीत शिकवलंय.

मग यादी लावणारे तुम्ही का नाही हजर राहात?

त्यानंतर आजतागायत एक ओळ नाही. ज्यांच्या हातात यादी आहे त्यांना फोन लावतो. दहाला लावला तर एंगेज. अकराला लावला तर वाजून बंद. परवा एकाने उचलला, मी नाव-रोल नंबर सांगायच्या आत "वेबसाइट देखते रहिए" म्हणून ठेवला. ईमेलला उत्तर म्हणून जे येतं ते यंत्राने पाठवलेलं, आपली मेल मिळाली. मिळाली ना? मग वाचा की कुणीतरी!

आणि वेबसाइट बघत राहायची म्हणजे काय ते आमच्या गावात येऊन बघा. घरात रेंज नाही. देवळामागच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, चढलं की दोन दांड्या येतात. तिथे आता रोज शाळेची पोरं बसलेली असतात ऑनलाइन वर्गासाठी, डोक्यावर छत्री, पुस्तक मांडीवर. त्यांच्या बाजूला मी, चोवीस वर्षांचा घोडा, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून तेच पान पुन्हापुन्हा उघडतोय. पाचवीतली एक मुलगी आहे, ती मला रोज विचारते, "दादा, तुझा निकाल आला?" तिला माझ्या परीक्षेचं नावही माहीत नाही, पण काळजी आहे. जिथे असायला हवी तिथे मात्र नाही.

त्यात टेलिग्रामचे ग्रुप. "आज रात्री नक्की." "आतल्या माणसाने सांगितलंय." कुणीतरी जुन्या वर्षाची यादी तारीख खोडून टाकतं आणि दोनशे पोरं रात्री एक वाजता आपापलं नाव शोधत बसतात. मीही बसलो. सड्यावर, टॉर्च घेऊन, भर पावसात. यूट्यूबवरचे क्लासवाले लाल अक्षरात "मोठी बातमी" लिहून दहा मिनिटं काहीही सांगत नाहीत. आमच्या जिवावर यांचे व्ह्यू वाढतायत. लाज वाटायला हवी.

लोक समजावतात, कोरोना आहे बाबा, सगळंच लांबलंय. अरे, मला माहीत आहे! एनडीएची एप्रिलमधली परीक्षा ६ सप्टेंबरवर गेली, यूपीएससीची मे महिन्यातली पूर्वपरीक्षा ४ ऑक्टोबरवर गेली. पण त्यांना तारीख मिळाली. पोरांनी भिंतीवर लिहून ठेवली, त्याप्रमाणे अभ्यास लावला. १३ जूनला डेहराडूनच्या लष्करी अकादमीची, आयएमएची, पासिंग आउट परेड झाली. मास्क लावून झाली, आईवडिलांना न बोलावता झाली, पण झाली. ३३३ नवे अधिकारी त्या दिवशी आपल्या फौजेत दाखल झाले. मी टीव्हीसमोर उभा राहून बघितली. त्यानंतर दोन दिवसांनी गलवानमध्ये २० जवान गेले. देश सगळ्या अडचणींत एवढं करू शकतो, तर एक यादी का अडते? गोव्यात २ जुलैपासून पर्यटक आले, हॉटेलं उघडली. यादी लावायला कुणाला विमानात बसवायचं नाही, कुणाला एकत्र जमवायचं नाही. लेखीचे गुण गेल्या वर्षीपासून तयार आहेत. एसएसबीचे फेब्रुवारीपासून.

कुणी म्हणेल, बाकीच्यांचे मेडिकल राहिले असतील. असतील! माझाच राहिला होता, मला कळत नाही का? मग तेवढंच लिहा. "अमुक इतक्या उमेदवारांची तपासणी बाकी आहे, अमुक महिन्यापर्यंत यादी अपेक्षित." दोन ओळी. हे लिहायला कुठली महामारी आडवी येते? उशीर झाला म्हणून मी भांडत नाहीये. मला अंधारात ठेवलंय म्हणून भांडतोय.

आणि वय. ओटीएला २५ ची अट. मला येत्या जानेवारीत २५ पुरी होतात. ऑक्टोबरच्या कोर्समध्ये मी बसतो, पुढच्या एप्रिलच्या कोर्समध्ये नाही. नोव्हेंबरच्या ८ तारखेला पुढची सीडीएस आहे, मित्रांनी फॉर्म भरले, मला भरताच येत नाही. म्हणजे माझ्याकडे ही एकच यादी आहे. परीक्षा पुढे गेल्या, तपासण्या पुढे गेल्या, सगळ्याला सवलत मिळाली. माझ्या जन्मतारखेला कुणी एक दिवस पुढे सरकवला? कार्यालय बंद राहिलं तरी माझे सहा महिने मोजले गेलेच.

रोज पहाटे पाचला उठून मयेच्या तळ्यापर्यंत धावतो. एप्रिलमध्ये पोलिसांनी दोनदा हटकलं तेव्हा घरामागे काजूच्या बागेत चकरा मारल्या. जिम बंद म्हणून बाबांनी फणसाच्या फांदीला लोखंडी पाइप बांधून दिला, त्यावर पुलअप्स. उद्या बोलावणं आलं तर दम कमी पडायला नको. पण कशासाठी तयार ठेवतोय हे शरीर, ते शरीरालाही कळेनासं झालंय. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा गजर बंद करून झोपलो. दिवसभर स्वतःचा राग येत होता.

चवथीला गणपतीवरची फळांची माटोळी बांधताना बाबा शिडीवर होते, मी खालून नारळ, सुपारीचे घोस, चिबूड देत होतो. दरवर्षी घर भरलेलं असतं, यंदा कोरोनामुळे आम्ही तिघंच. बाबा वरूनच म्हणाले, "खाण उद्या सुरू होणार म्हणून मी अडीच वर्षं काढली. तू तसं करू नकोस." मग बराच वेळ सुतळी ओढत राहिले. हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. म्हणूनच जास्त लागलं. २०१२ साली खाणी पहिल्यांदा बंद झाल्या तेव्हाही त्यांना कुणी तारीख सांगितली नव्हती, २०१८ ला सांगितली नव्हती, आणि आता त्यांच्या मुलालाही कुणी सांगत नाही. एका घराने किती वाट बघायची?

आई सल्ला देत नाही. तिने फक्त माझी काळी ट्रंक धुऊन, उन्हं पडली त्या दिवशी वाळवून, माळ्यावरून खाली आणून ठेवलीय. यादी नाही तर ट्रंक कशाला, असं मी ओरडलो तिच्यावर. ओरडायला नको होतं. ती ट्रंक अजून दाराजवळच आहे.

नाव नसेल तर नाही म्हणा. एवढा कणा आहे आमच्यात, पाच दिवस तुम्हीच तपासलात. "नाही" ऐकून मी त्याच दिवशी दुसरं काम शोधायला निघेन, बाबांचे टायर परत घेईन. पण हे असं लटकत ठेवू नका.

उद्या दहा वाजता पुन्हा फोन लावणार आहे. उचलला नाही तर साडेदहाला. परवाही लावणार.