मेंदू हरवलेला माणूस

शनिवारी सकाळी आठ वाजता मी न्यू जर्सीत, एडिसनमधल्या एका गराज सेलमध्ये उकिडवा बसून बुटांच्या जुन्या खोक्यात हात घालत होतो. आज मंगळवार उजाडला, तरी डोकं शांत झालेलं नाही.

हवी होती प्लॅस्टिकची एक इवलीशी टोपी. टायको ही इथलीच, न्यू जर्सीची खेळण्यांची कंपनी. पुढे 1997 साली मॅटेलनं ती गिळली. टायकोनं 1988 साली 'डायनो-रायडर्स' ही खेळणी बाजारात आणली. डायनोसॉर असे घडवलेले की नुसते बघत बसावेत, आणि त्यांच्या पाठीवर तोफा, हौदे, पट्टे. त्यातले सज्जन व्हॅलोरियन डायनोसॉरशी मनोमन बोलून मैत्री करतात; दुष्ट रुलॉन सरळ डोक्यावर 'ब्रेन बॉक्स', म्हणजे हीच टोपी, चढवून त्यांना राबवतात. माझा ट्रायसेराटॉप्स रुलॉनांचा. लहानपणी आत्यानं तो अमेरिकेहून आणला आणि आठवड्याभरात त्याचा ब्रेन बॉक्स आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या आडात गेला. गेली पाच वर्षं मी तो इथे शोधतोय. बायको म्हणते, "अरे, मग सुटला की बिचारा! कशाला परत अडकवतोस?" हेच डायनोसॉर टायकोनं पुढे स्मिथसोनियन संग्रहालयाच्या नावानं, तोफाबिफा काढून विकले, हे मीच एकदा मूर्खासारखं तिला सांगितलं. तेव्हापासून "स्मिथसोनियनचा म्हणून ठेव ना" हेही ऐकतो.

तर टोपी सापडली. खोक्याच्या तळाशी, एक चाक नसलेल्या गाडीखाली. अख्खं खोकं तीन डॉलर. अशा वेळी आनंद दाखवायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. मी उठलो, एक भयाण टेबललॅम्प उचलला आणि सेल मांडून बसलेल्या आजीबाईंना त्याची किंमत विचारली. तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अगं, आलोच," एवढंच बोललो.

"मराठी का?"

मागे काका. पायात पांढरे बूट, डोक्यावर माकडटोपी, मे महिन्यात. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. परमुलखात मराठी ऐकलं की माणूस विरघळतो; मीही विरघळलो. सगळं सांगितलं. आड, आत्या, पाच वर्षं, सगळं.

"म्हणजे त्याचा मेंदू हरवलाय म्हणा की!"

"मेंदू नाही हो, मेंदूवरचं ते..."

"तीनच डॉलर? काहीतरी गडबड आहे. मी तीस वर्षं विक्रीकरात होतो. किंमत कोण दडवतंय ते मला चेहऱ्यावरून कळतं."

दडवत मी होतो. ते मात्र त्यांना कळलं नाही.

"काका, प्लीज, काही बोलू नका."

"तुम्ही थांबा हो, संकोची आहात तुम्ही." आणि ते आजीबाईंकडे वळले. "मॅडम! धिस जंटलमन इज सर्चिंग फॉर ब्रेन. सिन्स फाइव्ह इयर्स!"

आजीबाईंनी माझ्याकडे ज्या करुणेनं पाहिलं, तशा करुणेनं माझ्या सख्ख्या आजीनंही कधी पाहिलं नव्हतं.

"व्हेरी रेअर ब्रेन," काका म्हणाले. "नॉट अव्हेलेबल एनीव्हेअर!"

आजीबाईंनी नातवाला हाक मारली. नातवानं फोन काढला. पुढची दोन मिनिटं मी लॅम्प छातीशी धरून उभा होतो.

"पंचेचाळीस," नातू म्हणाला. नुसती टोपी. खोकं वेगळं.

काका खवळले. "फॉर्टी-फाइव्ह! डेलाइट रॉबरी!" मग दहा मिनिटं घासाघीस. शेवटी चाळीसवर सौदा ठरला आणि काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पाच डॉलर वाचवले तुमचे!"

लॅम्पही घ्यावा लागला, कारण भाव मीच विचारला होता. दोन डॉलर.

एका काकांवर राग काढण्यात अर्थ नाही, कळतं मला. हा बाजारच नासलाय. चांगला भरलेला संच हाती आला की लोक तो फोडतात. तोफ वेगळी, पट्टा वेगळा, स्वार वेगळा. एकाकडून नवरदेव घ्या, दुसऱ्याकडून मुंडावळ्या, आणि घोडा तिसऱ्याच्या गॅरेजमध्ये. वर थ्री-डी प्रिंटरवर काढलेले तुकडे 'अस्सल' म्हणून गळ्यात मारणारे. मागच्या वर्षी असा एक पट्टा मीही घेतला. लावताना हातात दोन तुकडे. अस्सल पट्टा पोरांनी कुरतडला, आपटला, तरी तीस-पस्तीस वर्षं टिकतो. असो. हे बोललो की बायको लॅम्पकडे बघते.

काकांना घरी सोडताना त्यांनी माझा नंबर घेतला. आज सकाळी सहाला फोन.

"काय हो, बसला का मेंदू?"

"बसला, काका."

"छान! शनिवारी कुठे जाताय? आमच्या वॉकिंग ग्रुपमध्ये सांगितलंय मी. चौघं येतायत मदतीला."