दुसऱ्याच्या पगारावर आपले म्हातारपण

म्हातारपणाची चिंता आपल्याला लागली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. कारण घरमालक होण्यासाठी लागणारी ही पहिली पात्रता आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत शेवटचीही. निवृत्तिवेतनाचा भरवसा उरलेला नाही, शेअर बाजार कधी आपटेल ते सांगता येत नाही आणि ठेवीवरचे व्याज महागाई गिळून टाकते. घर मात्र जागचे हलत नाही. त्याचा भाव कुणी रोज सकाळी पडद्यावर दाखवत नाही, म्हणून तो कधी उतरतच नाही, असा समज आपण खुशाल करून घ्यावा.

भाड्याने देण्यासाठी घर घेताना स्वतःचे पैसे मात्र बेताचेच घालावेत. किमतीचे २० टक्के आपले आणि ८० टक्के कर्जाचे असा मेळ बसवला, की घराचा भाव नुसता ५ टक्क्यांनी वाढला तरी आपल्या रकमेवर (व्याजासारख्या किरकोळ बाबी सोडल्यास) २५ टक्के नफा कागदावर दिसू लागतो. हाच हिशेब उलट्या बाजूने मांडू नये. भाव २० टक्क्यांनी उतरला तर आपली सगळी पुंजी बुडते आणि कर्ज जागच्या जागी राहते, हा धडा २००८च्या सुमारास अमेरिकेतील असंख्य कुटुंबांनी गिरवून ठेवला आहे. तो आपणही गिरवावा असा काही नियम नाही. आपण फक्त ‘हप्ता भाडेकरू फेडेल’ एवढे घोकत राहावे. वीस वर्षांच्या मुदतीचे आणि ९ टक्के दराचे कर्ज असेल, तर पहिल्या हप्त्यातले सुमारे ८३ टक्के व्याजातच जातात, म्हणजे सुरुवातीची कित्येक वर्षे भाडेकरू राबतो बँकेसाठी आणि आपण मधल्या मध्ये पावत्या फाडणारे बिनपगारी कारकून असतो. पण कागदोपत्री मालक आपणच.

या उत्पन्नाला ‘बसल्या जागचे’ म्हणतात. जमिनीचे मालक काम न करता, जोखीम न घेता जणू झोपेत श्रीमंत होतात, असे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले आहे. त्यांनी ती तक्रार म्हणून लिहिली होती. हल्ली तिची जाहिरात होते. प्रत्यक्षात झोप लागेलच असे नाही, कारण नळ नेमका रात्री अकरानंतर गळतो आणि घर एक महिना जरी रिकामे राहिले तरी वर्षाच्या उत्पन्नातले आठ टक्क्यांहून अधिक गेलेले असतात.

यावर अनुभवी मालकांकडे उपाय आहेत. भिंतीला ओल आली, की प्रथम भाडेकरूला विचारावे, ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही का?’ बाहेरच्या भिंतीला तडा गेलेला असला तरी विचारावे. हा प्रश्नच असा आहे की माणूस आधी स्वतःच्याच सवयी तपासू लागतो आणि तेवढ्यात एक ऋतू निघून जातो. अनामत रकमेचेही तसेच आहे. ती परत करायची असते, असे करारात लिहिलेले असते खरे. पण घर सोडण्याच्या दिवशी मालकाने हातात विजेरी घेऊन यावे, दिनदर्शिकेच्या खिळ्याने पडलेल्या भोकासमोर मान हलवत काही क्षण स्तब्ध उभे राहावे आणि मग संपूर्ण खोलीच्या रंगाचा खर्च सांगावा. समोरच्याचे सामान टेम्पोत चढलेले असते. त्या वेळी वाद घालणारा माणूस विरळा.

आता राहिली भाडेकरूची निवड, आणि इथे घाई करू नये, कारण आपल्या उतारवयाची सगळी भिस्त या अनोळखी माणसाच्या नोकरीवर आहे. तो निर्व्यसनी, अबोल आणि पगाराच्या तारखेला पक्का असावा. त्याचा पगार इतका हवा की भाडे कधी चुकणार नाही, पण इतका नको की चार पैसे शिल्लक टाकून तो स्वतःचे घर घेईल. असा माणूस शोधून सापडणे कठीण वाटेल. पण काळजी नसावी, दरवर्षी भाडे किती वाढवायचे हे आपल्याच हातात असते.