गिऱ्हाईक म्हणून माझी निवड झाली

लेकीने माध्यमिक शाळेत प्रॉडक्ट डिझाइन हा विषय घेतला. या विषयात घरातली डुगडुगणारी खुर्ची नीट करायला शिकवत नाहीत. आधी एक गिऱ्हाईक गाठायचं, मग त्याची अडचण हुडकायची, ती सुटेल अशी वस्तू बनवायची आणि हे सगळं का केलं ते फायलीत लिहायचं. तिच्या परीक्षेचे निम्मे गुण या एका प्रकल्पाला आहेत. गिऱ्हाईक अर्थातच मी. तिच्या बाबांनी "मला कसलीच अडचण नाही" असं आधीच जाहीर करून टाकलं होतं. कशातून कधी अंग काढून घ्यावं हे त्या माणसाला बरोबर कळतं.

"आई, तुला रोज कसला त्रास होतो?" वही-पेन सरसावून तिने विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला घरात कुणी विचारला नव्हता. मी मोकळी होत गेले. गुडघ्यांपासून निघून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत पोचले, तरी वही कोरीच.

"असा नाही गं. वस्तू बनवून सुटेल असा."

तसा त्रास फार शोधून एकच निघाला: चष्मा सापडत नाही. ठरलं, चष्म्याचं स्टँड!

मग मोजमापं सुरू झाली. स्टँडला नाकासारखा उंचवटा हवा, म्हणून डिजिटल कॅलिपरचे गार जबडे माझ्या नाकाच्या दोन्ही अंगांना टेकले. "हलू नकोस, मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो हा." श्वास घेतला की नाक फुगतं, हे त्या यंत्राच्या गावीही नव्हतं. दर वेळी आकडा निराळा. शेवटी सरासरी काढून माझं नाक फायलीत गेलं.

पाठोपाठ उंची, हाताची पोच. त्यात एक जुनं कोडं मात्र सुटलं. सगळ्यांना बेतशीर अशी वस्तू करायला कुणी बसतच नाही. बहुतेकदा पाचव्या ते पंचाण्णवाव्या शततमकातली माणसं धरतात आणि दोन्ही टोकांची पाच-पाच टक्के सोडून देतात. हेन्री ड्रायफस या अमेरिकन डिझायनरने तर १९५५ साली 'जो' आणि 'जोसेफिन' अशी नमुन्याची माणसं मापांसकट कागदावर मांडली. वरच्या फळीपर्यंत माझा हात का पोचत नाही, ते आता समजलं. ती फळी जोसेफिनबाईंची आहे.

कल्पनांच्या कागदांबद्दल फार बोलत नाही. वाईट कल्पनाही काढाव्या लागतात, नाहीतर चांगली कशी निवडली हे दाखवता येत नाही म्हणे. त्यानंतर पुठ्ठ्याचे नमुने. ते आवरायला गेले की ऐकून घ्यायचं, "डायसन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने व्हॅक्यूम क्लीनरसाठी ५,१२७ नमुने केले होते." त्यांच्या घरी केर कोण काढत होतं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

खरी गंमत शाळेतल्या लेझर कटरने केली. तीन मिलिमीटरचं प्लायवुड, म्हणून संगणकावर खाचा बरोब्बर तीन मिलिमीटरच्या आखलेल्या. पण लेझर आपल्या वाटेवरचं केसभर लाकूड जाळूनच पुढे सरकतो. त्यामुळे खाच किंचित मोठी होते आणि तिच्यात बसायचा दात किंचित बारीक. याला कर्फ म्हणतात. जोडलेलं स्टँड टेबलावर ठेवताच समोर पाहुणे आल्यासारखं अदबीने वाकलं. कडा जळून काळ्या, त्या चाचपून माझी बोटंही काळी. लेक मात्र खूश! तिने चारही बाजूंनी फोटो काढले. फसलेला सांधा, त्याचं कारण, पुढची सुधारणा, असं फायलीचं अख्खं पान भरलं. आमच्या वेळी चुकलं की तांबडी रेघ यायची. हिच्या विषयात न चुकणाऱ्याचीच पंचाईत.

सांधा घट्ट झाला तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला: अशी हजार स्टँडं बनवायची तर?

"अगं, मला चष्मा एकच आहे."

त्यावर टोनेट नावाच्या फर्निचरवाल्याच्या खुर्चीची गोष्ट ऐकावी लागली. १८५९ सालची, चौदा नंबरची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या. म्हणून माझं स्टँडही सपाट करून खोक्यात मावलं पाहिजे. ते कुठे धाडायचंय, हे मी विचारलं नाही. मी डुगडुगत्या खुर्चीत बसून ऐकत होते.

शेवटी चाचणी. "छान झालंय," मी म्हटलं.

"छान नको! दोष सांग. मूल्यमापनाला गुण आहेत."

रागावू नको असं आधी कबूल करून घेतलं आणि म्हटलं, जरा हलकं आहे, धक्का लागला की सरकतं. तिने ते आनंदाने टिपलं. मग भीड चेपली आणि मी रंगाबद्दलही बोलले. तेवढं मात्र तिने टिपलं नाही.

आता स्टँड गुण देण्यासाठी शाळेत गेलंय आणि निकाल लागेपर्यंत तिथेच राहणार आहे. 'वस्तू वापरात असताना' असा फोटो हवा होता, म्हणून तिने माझा चष्माही सोबत नेला. संध्याकाळी हात हलवत परत आली. चष्मा स्टँडवरच राहिला होता आणि वर्कशॉपला कुलूप लागलं होतं.

"पण बघ ना आई," ती म्हणाली, "कुठे आहे ते तरी नक्की माहितीये." आणि 'ग्राहकाचा अभिप्राय' असा बारीक अक्षरांतला कागद तिने भरायला माझ्यापुढे सरकवला.