‘सेवाभाव असला की झालं’ म्हणे!

‘समाजकार्यवाल्याले कायदा कायले पाह्यजे? सेवाभाव असला की झालं.’ असा सुरू होणारा चार मुद्द्यांचा मेसेज फिरतो आहे. समाजकार्य शिकणाऱ्या, फिल्डवर्कसाठी गडचिरोलीतल्या धानोऱ्याला निघालेल्या भाचीनंही तो पाठवला, वर ‘खरंय ना?’ नाही, खरं नाही.

सगळ्यात घातक मुद्दा तिसरा: ‘वनहक्काचा दावा फेटाळला की विषय संपला, लोकांना आशा लावू नका.’ वनहक्क म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीवरचा कायदेशीर हक्क. दावा फेटाळला, पण कोणी? कारणं लेखी दिली का? 2012 मध्ये वनहक्क नियमांत घातलेला 12-ए एवढा एकच नियम वाचला असता तरी हे लिहायची हिंमत झाली नसती. दाव्यावरचा ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर उपविभागीय समितीनं दावा फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवायचा. अमुकच कागद आणा, असा हट्ट धरायचा नाही. उपग्रह नकाशा पूरक आहे, बाकीच्या पुराव्यांची जागा तो घेत नाही. उपविभागीय समितीच्या निर्णयावर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. पण ‘नामंजूर झालं’ एवढंच तोंडी सांगितलं असेल तर दिवस मोजायचे कुठून? म्हणून आधी निर्णयाची प्रत मागा, मग पुरावे बघा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायला किमान दोन पुरावे हवेत. काढलेल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, हा एक, दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्याचा लेखी जबाब हा दुसरा. ‘लई वर्षांपासून कसतात’ असा जबाब कुचकामी. कोणत्या नाल्यापासून कोणत्या मोहाच्या झाडापर्यंत, बांध्या कोणाच्या बापानं काढल्या, तेव्हा सांगणाऱ्याचं वय काय, हे त्यात हवं. विद्यार्थ्याचं अक्षर कामी येतं ते इथं.

‘आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला मदत आपोआप मिळते.’ नाही मिळत. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत प्रकरण पात्र ठरावं लागतं आणि 2006 च्या निकषांत विनापरवाना सावकाराचं कर्ज मोजत नाहीत. मदतीच्या 1 लाखातले 30 हजार हाती येतात, 70 हजार ठेवीत जातात.

‘कागदपत्रं सेतूवाला करतो.’ करतो ना! पण दाखला द्यायची मुदत उलटली की लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील तो करत नाही.

‘अर्ज केला की साहेब नाराज होतात.’ हे मात्र अर्धं खरं. होतात, आणि राग निघतो गावातच राहणाऱ्या माणसावर. विद्यार्थी तर परीक्षा झाली की निघून जातो. म्हणून शक्य तिथं मागणी ग्रामसभेच्या ठरावानं पाठवा, एकट्या घरावर बोट येत नाही. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.